जीपचे मोर्तब: जुन्या लष्करी वाहनांचे आकडे कसे वाचावेत?

१.
गगनबावड्यापासून चंदगडपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात जुन्या जीपगाड्या अजूनही आढळतात. कुठे वाड्याच्या पडवीत, कुठे उसाच्या खोडव्याशेजारी, कुठे गॅरेजच्या मागच्या अंगाला. त्यांतील अनेकींबद्दल एकच कथा सांगितली जाते: "ही दुसऱ्या महायुद्धातली गाडी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेली." कधी ही कथा खरी असते, बहुतेकदा नसते. निवाडा कसा करायचा? गाडीचा हिरवा रंग पुरावा होत नाही, बॉनेटवरचा पांढरा तारा तर नाहीच नाही. निवाडा करतात ते लोखंडावर ठोकलेले काही मिलिमीटर उंचीचे आकडे. हा धागा त्या आकड्यांविषयी आहे.

२.
सुरुवात कोल्हापुरातल्याच एका जागेपासून करू. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच टेकडीवर सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. उत्खननशास्त्राचा एक साधा नियम आहे. एखाद्या अस्पर्शित थरात पाच नाणी सापडली, तर तो थर त्यांतील सर्वांत नव्या नाण्याहून जुना असू शकत नाही. जुने नाणे नव्या थरात येऊ शकते; नवे नाणे जुन्या थरात येत नाही. जुन्या वाहनालाही हाच नियम लागू पडतो, फक्त तेथे नाण्यांच्या जागी सुटे भाग असतात.

३.
दुसरा नियम उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेला कोणीही सांगेल. लोखंडावर दोन जातींचे आकडे असतात. एक उठावाचे: ते साच्यातूनच येतात, म्हणजे पॅटर्नवर कोरलेले असतात. त्या पॅटर्नवरून निघालेल्या हजारो कास्टिंगांवर तोच आकडा उमटतो. दुसरे ठोकलेले: भाग तयार झाल्यावर पंच आणि हातोड्याने एकेक आकडा खोलगट उमटवलेला. उठावाचा आकडा सांगतो, "हा कोणत्या प्रकारचा भाग आहे." ठोकलेला आकडा सांगतो, "हा त्यांतला नेमका कितवा." उठावाचा पार्ट नंबर हाच गाडीचा क्रमांक समजणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक.

४.
एका लष्करी जीपवर साधारण चार प्रकारचे क्रमांक असतात. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, डॅशबोर्डवरील धातूच्या पट्टीवरचा क्रमांक आणि बॉनेटवर रंगवलेला लष्करी नोंदणी क्रमांक. हे चार साक्षीदार वेगवेगळ्या क्षणांचे असतात. चासी आणि इंजिन जन्माच्या वेळचे बोलतात, पट्टी लष्कराच्या ताब्यात जाण्याच्या वेळचे, रंगवलेला क्रमांक सेवेतला. नंतर त्यात पाचवा येतो: आरटीओने दिलेला नागरी क्रमांक. पाचांची साक्ष जुळली तर उत्तम. जुळली नाही तरी चिंता नाही. इतिहास बहुधा त्या विसंगतीतच असतो.

५.
आता थोडी पार्श्वभूमी. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने पाव टन वजन वाहणाऱ्या, चारही चाकांना गती असलेल्या हलक्या गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरात बँटम या लहानशा कंपनीने दिला. मोठे कंत्राट मात्र १९४१ मध्ये विलीज-ओव्हरलँडला मिळाले. मागणी एवढी प्रचंड होती, की त्याच आराखड्यावर फोर्डलाही गाड्या बनवण्यास सांगण्यात आले. विलीजची गाडी 'एमबी', फोर्डची 'जीपीडब्ल्यू'. दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. दिसायला जुळ्या, पण जन्मखुणा वेगळ्या.

६.
विलीज एमबीचे क्रमांक नोव्हेंबर १९४१ मध्ये १००००१ पासून सुरू झाले. १९४२ च्या अखेरीस ते दोन लाखांच्या आसपास पोहोचले, १९४३ च्या अखेरीस दोन लाख नव्वद हजारांच्या पुढे, १९४४ च्या अखेरीस चार लाखांच्या पुढे. १९४५ मध्ये साडेचार लाख ओलांडून मालिका थांबली. फोर्डची मालिका मात्र १ पासून सुरू होऊन पावणेतीन लाखांच्या थोडी पुढे संपली. म्हणजे २००००० हा आकडा विलीजच्या चासीवर असेल तर गाडी १९४२-४३ च्या सांध्यावरची, फोर्डच्या चासीवर असेल तर १९४४ ची. आकडा तोच, साल वेगळे. म्हणून क्रमांक वाचण्याआधी कारखाना ओळखावा लागतो. कोणत्या राजवटीचा हे ठरल्याशिवाय 'राज्यवर्ष ५' या उल्लेखाला जसा अर्थ नसतो, तसेच हे.

७.
कारखाना ओळखायचा कसा? पुढच्या बंपरमागे वाकून पाहावे. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीजची. उलट्या पन्हाळीसारखा चौकोनी असेल तर फोर्डची. विलीजचा क्रमांक पुढच्या डाव्या चासीदांड्याच्या आतल्या बाजूस, रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डने तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिनाच्या पुढच्या आधाराजवळ, थेट लोखंडात ठोकला. हा फरक महत्त्वाचा आहे. रिव्हेट तोडून पट्टी काढता येते. लोखंडातला ठोका काढायचा तर लोखंडच घासावे लागते.

८.
फोर्डची आणखी एक सवय अभ्यासकांच्या पथ्यावर पडली. ही कंपनी आपल्या सुट्या भागांवर, अगदी नटबोल्टांच्या डोक्यांवरही, आपल्या नावाचे आद्याक्षर 'एफ' उमटवी. आराखडा दुसऱ्याचा असला तरी भाग आपला, हे सांगण्याची ती रीत होती. आज एखाद्या गाडीवर असे वीस-पंचवीस 'एफ' सापडले, तर तिच्यात फोर्डचा अंश नक्की आहे. तेवढ्यावरून ती पूर्ण फोर्ड मात्र ठरत नाही. बोल्ट बदलतात, बिजागरी बदलते, दरवाजाविना असलेल्या त्या गाडीचे अंगही बदलते.

९.
इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूस, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. आकड्यांपूर्वी 'एमबी' किंवा 'जीपीडब्ल्यू' ही अक्षरे. फोर्डच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडताना इंजिन आणि चासी यांचे क्रमांक एकच असत. विलीजमध्ये सर्वसाधारणपणे तसे नव्हते. त्यामुळे विलीजचे दोन क्रमांक वेगळे दिसले म्हणून "इंजिन बदलले आहे" असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळपासच्या काळातले आहेत का, हे पाहणे अधिक योग्य.

१०.
डॅशबोर्डवर हातमोजे ठेवण्याच्या कप्प्याच्या झाकणावर धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतील एकीवर गाडीचा अनुक्रमांक आणि लष्कराला सोपवल्याची तारीख असते. हा सर्वांत स्पष्ट पुरावा, आणि म्हणूनच सर्वांत संशयास्पद. अशा पट्ट्यांच्या कोऱ्या प्रतिकृती आज बाजारात विकत मिळतात. हवा तो आकडा ठोकून चार स्क्रूंनी त्या बसवता येतात. शिलालेख आणि ताम्रपट यांतला फरक येथे आठवावा. शिळा जागची हलवणे अवघड, ताम्रपट हातोहात फिरतो. बनावट दानपत्रे ताम्रपटांतच अधिक सापडतात. चासी ही शिळा, पट्टी हा ताम्रपट.

११.
रंगवलेले क्रमांक सर्वांत आधी नष्ट होतात, पण सापडले तर पुष्कळ बोलतात. अमेरिकी लष्करात या वर्गातील गाड्यांचे नोंदणी क्रमांक २० या आकड्यांनी सुरू होत. ब्रिटिश पद्धतीत वाहनाच्या प्रकारासाठी आद्याक्षर असे: मोटारीला 'एम', लॉरीला 'एल', रणगाड्याला 'टी'. आजच्या भारतीय लष्करी वाहनांच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे वाहन लष्करात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. जुन्या रंगाचे थर हलक्या हाताने एकेक करून उतरवले, तर खालून असा आकडा डोके वर काढू शकतो. ग्राइंडर लावला तर सगळे थर एकदमच जातात.

१२.
युद्धकाळात भारतात आलेली वाहने केवळ अमेरिकी नव्हती. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले यांनी राष्ट्रकुलाच्या सैन्यांसाठी ट्रक बनवले. त्यांच्या सांकेतिक नावातच माहिती असे: 'सी१५' म्हणजे शेव्हरोले, १५ हंड्रेडवेट भाराचा, 'एफ६०' म्हणजे फोर्ड, ६० हंड्रेडवेटचा, अर्थात तीन टनी. अशाच कॅनडियन चासींवर भारतात बनलेले चिलखती कवच चढवून एक युद्धवाहन तयार झाले. टाटांच्या पोलादामुळे सैनिक त्याला 'टाटानगर' म्हणत. अशा वाहनात चासीचे आकडे एका खंडातले, कवचाच्या खुणा दुसऱ्या खंडातल्या. येथे कोणतीही खूण खोटी नसते. वाहनाचाच जन्म दोनदा झालेला असतो.

१३.
आता पुन्हा वाड्यातल्या जीपकडे. आकडे शोधण्याआधी चार गोष्टी नुसत्या डोळ्यांनी पाहाव्यात. स्टिअरिंग: युद्धकाळातील सर्व एमबी आणि जीपीडब्ल्यू डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. पुढची जाळी: युद्धकाळातील दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नागरी जीपला सात. (विलीजच्या अगदी पहिल्या २५,८०८ गाड्यांना सळ्या जोडून केलेली जाळी होती.) मागची बाजू: लष्करी जीपला मागे उघडणारे फळके नसते आणि जादा चाक मागेच टांगलेले असते. पुढची काच: लष्करी जीपची दोन तावदानांची. बॉनेट नेहमीपेक्षा उंच, पेटीसारखे दिसत असेल, तर ती बहुधा 'सीजे-३बी' वळणाची. ते मॉडेलच १९५३ चे आहे. ते महायुद्धात असणे शक्य नाही.

१४.
या शेवटच्या वळणाच्या गाड्या महाराष्ट्रात सर्वाधिक, आणि त्यामागे मुंबईचा इतिहास आहे. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. माझगावात विलीजच्या परवान्याने जीपची जोडणी सुरू झाली आणि हळूहळू भाग येथेच बनू लागले. उजव्या स्टिअरिंगची, सात फटींची, उंच बॉनेटची जीप ही या कारखान्याची लेक. लष्करानेही ती घेतली, म्हणून 'लष्करी लिलावातली' ही तिची कथा खरी असू शकते. 'महायुद्धातली' ही मात्र नाही.

१५.
नागरी कागदपत्रांचीही परीक्षा करावी लागते. युद्धानंतर जादा ठरलेली वाहने लिलावात, लोकांच्या भाषेत 'डिस्पोजलात', निघाली. अशा गाडीच्या आरसी बुकात नागरी नोंदणीची तारीख असते आणि ती निर्मितीच्या सालाहून बरीच अलीकडची असू शकते. १९४४ ची गाडी कागदावर १९५० ची दिसू शकते. पुढे घाटमाथ्यावर याच जीपगाड्यांनी वडाप केले: आठ जणांच्या जागी पंधरा, टपावर पोती, मागे लोंबकळणारी पोरे. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकींत डिझेल इंजिन बसले. म्हणजे इंजिनाचा क्रमांक गेला, पण त्याच्या जागी आलेले इंजिनही एका काळाचा पुरावा ठरले.

१६.
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका जीपचा आडवा दांडा चौकोनी आहे, चासीवर फोर्डच्या मालिकेतला १९४३ च्या सुमाराचा आकडा आहे. बोल्टांवर काही 'एफ' आहेत. जाळी मात्र सात फटींची, स्टिअरिंग उजवे, इंजिन डिझेलचे. निष्कर्ष काय? ब्रह्मपुरीचा नियम लावला तर 'आजच्या रूपातील गाडी' डिझेल इंजिनाहून जुनी नाही. पण थर उलटे मोजत गेले तर तळाशी १९४३ ची अस्सल चासी आहे. "ही महायुद्धातली जीप आहे" आणि "ही वडापची जीप आहे" ही दोन्ही विधाने खरी. "ही मूळ स्वरूपातील महायुद्धातली जीप आहे" हे विधान खोटे.

१७.
असे मिश्रण केवळ गॅरेजांत झाले असेही नाही. लष्करी कार्यशाळांतही दहा नादुरुस्त गाड्यांचे भाग एकत्र करून सहा चालत्या गाड्या उभ्या करीत. फ्रान्समध्ये युद्धानंतर ला माल्तुर्ने येथील लष्करी कार्यशाळेत विलीज आणि फोर्ड यांचे भाग सर्रास एकत्र आले, आणि पुढे हॉचकिस कंपनीने परवान्याने तीच गाडी नव्याने बनवली. लष्कराला गाडी चालती हवी होती, वंशावळ नको होती. त्यामुळे 'सर्व क्रमांक जुळणारी' गाडी दुर्मिळ असते, आणि 'सर्व काही अगदी जुळते' असे सांगणारी गाडी अधिक बारकाईने तपासावी.

१८.
प्रश्न असा, की एवढे करून काय साधते? मराठी इतिहासलेखनात 'अस्सल' आणि 'नक्कल' हा भेद कळीचा आहे. मोडी पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत, ते त्यापुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. चासीवर ठोकलेला क्रमांक हे गाडीचे मोर्तब. आज जुन्या जीपगाड्या हौसेने 'रिस्टोअर' होतात. सँडब्लास्टिंग होते, गंजलेला दांडा कापून नवा जोडला जातो, लांबी भरून पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो, वर हिरवा रंग आणि पांढरा तारा. गाडी देखणी होते, मोर्तब मात्र मिटते. त्यावर नवा क्रमांक ठोकणे तर इतिहासाच्याच नव्हे, कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर आहे.

१९.
याची दुसरी हानी कमी लक्षात येते. १९५० आणि १९६० च्या दशकांत या जिल्ह्यात पंचगंगा, भोगावती, कुंभी-कासारी, वारणा अशी सहकारी साखर कारखान्यांची माळ उभी राहिली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. शेतकी अधिकारी, गटविकास अधिकारी, हिवताप निर्मूलनाचे पथक, निवडणुकीचा प्रचार: चिखलाच्या वाटेने गावात पहिल्यांदा शिरलेले सरकार बहुधा जीपमधूनच आले. अशा एखाद्या गाडीवर ब्रह्मदेशची कथा आणि परक्या सैन्याचा तारा चढवला, की खोटे युद्ध मिळते आणि खरा कोल्हापूर जिल्हा पुसला जातो. दारावर पुसट दिसणारे कारखान्याचे नाव हे त्या ताऱ्याहून मोलाचे साधन आहे.

२०.
कायद्यानेही आता मूळपणाला किंमत दिली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. अट अशी, की चासी, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशा गाडीचे साल सिद्ध करायचे तर पुन्हा त्याच ठोकलेल्या आकड्यांपाशी यावे लागते. जो आकडा घासला गेला, त्याच्याबरोबर हा मार्गही अवघड होतो.

२१.
म्हणून जुनी गाडी हाती आली, तर पाना हाती घेण्याआधी वही घ्यावी. गंज तारेच्या ब्रशने नव्हे, रॉकेलच्या फडक्याने आणि मऊ ब्रशने काढावा. टॉर्चचा झोत समोरून न टाकता बाजूने, तिरका टाकावा. खोलगट आकडे सावलीने उठून दिसतात. प्रत्येक क्रमांकाचे छायाचित्र काढावे आणि तो कोणत्या जागी होता हेही लिहावे. मग आकड्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी. आरटीओच्या कामासाठी चासीचा असाच पेन्सिल-ठसा घेतात, आणि शिलालेखाचे अभ्यासकही कागदावर ठसाच घेतात. शेवटी घरातल्या थोरांना विचारावे: गाडी कोणाकडून घेतली, केव्हा, कितीला? ही तोंडी साक्ष आकड्यांशेजारी, पण वेगळ्या रकान्यात लिहावी.

२२.
ज्यांना खऱ्या लष्करी वाहनांवर नजर तयार करायची आहे, त्यांनी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. तेथे १९९४ पासून अनेक देशांचे रणगाडे आणि चिलखती गाड्या मांडलेल्या आहेत. पोलादी अंगावरचे उठावाचे आकडे कोणते आणि ठोकलेले कोणते, हे तेथे शांतपणे पाहता येते. मग गावी परतून पडवीतल्या जीपखाली वाकावे. आकडा १९४३ सांगेल किंवा १९६३ सांगेल. कथा आणि आकडा यांत मेळ बसला नाही, तर आकडा बदलायचा नसतो. कथा नव्याने लिहायची असते.